मुरमाड बांधावर तरवड रुजवताना

सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ तालुक्यात आमची शेती आहे आणि तिच्या वरच्या अंगाचा तुकडा अगदी हलका आहे. वीतभर मातीखाली लालसर मुरूम लागतो, त्याखाली मांजऱ्या म्हणजे मऊ खडक, आणि पहारीचे काही घाव घातले की काळा पाषाण खणखणतो. या भागात वर्षाकाठी सरासरी पाचशे ते साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. त्याचा मोठा वाटा सप्टेंबरात उत्तरा-हस्ताच्या सरींनी येतो आणि जून-जुलैमध्ये पावसाचा खंड पडणे नित्याचेच आहे. अशा जमिनीवर घातलेला मातीचा बांध वळवाच्या जोरदार सरींनी दरवर्षी ठिकठिकाणी फुटत असे. त्याला धरून ठेवणारे, पाण्यावाचून जगणारे आणि शेळ्यांच्या तोंडून वाचणारे झुडूप मला हवे होते. गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावण्याचा सल्ला बहुतेकांनी दिला. परंतु ही दोन्ही झाडे परदेशातून आलेली आहेत, आणि जे झुडूप आमच्याच माळावर कोणी न लावता, कोणी न जोपासता उभे आहे त्याला डावलून पाहुणे आणण्याचे कारण मला पटले नाही. म्हणून मी तरवड निवडला. बी गोळा करण्यापासून बांधावर झुडपे फुलू लागेपर्यंत जे पाहिले आणि केले ते येथे सविस्तर लिहीत आहे.

लावणीचा विचार पक्का होण्यापूर्वी तरवड कोठे उगवतो आणि कोठे उगवत नाही हे मी बारकाईने पाहिले. रस्ता रुंद करताना कापलेल्या मुरमाच्या कडा, बंद पडलेल्या खाणींचे काठ, रेल्वेमार्गाचे भराव, ओढ्याच्या वरच्या दरडी आणि गावाभोवतीचे सततच्या चराईने उघडे पडलेले माळ येथे तो दाट दिसतो. खाली सखल भागातल्या खोल काळ्या रानात, जेथे पावसाळ्यात पाणी साचून राहते, तेथे मात्र तो बांधाच्या उंच भागापुरताच राहतो. मोठ्या झाडांच्या सावलीत वाढलेले झुडूप उंच, विरळ आणि जवळजवळ बिनफुलांचे असते. एवढ्या पाहणीवरून त्याच्या दोन अटी स्पष्ट झाल्या: दिवसभर ऊन हवे आणि मुळाशी पाणी थांबता कामा नये. माती कशी आहे याला तो फारसे महत्त्व देत नाही. चुनखडीची, खडकाळ, थोडीशी क्षारयुक्त अशा सर्व जमिनींत तो उभा राहतो. दक्षिण भारत, दख्खनचे पठार, पश्चिम भारताचा कोरडा भाग आणि श्रीलंकेतील कोरडा पट्टा हा त्याचा मूळचा प्रदेश आहे. त्यामुळे आमचा उन्हाळा त्याला नवा नाही.

तिसरी गोष्ट मला एका वृद्ध मेंढपाळ मामांकडून कळली. दिवाळीनंतर त्यांचा कळप आमच्या रानात बसायला येतो. मी बांधावर तरवड लावणार असे सांगितल्यावर ते म्हणाले, "ताई, कुंपण घालू नका. मेंढरू याच्या पाल्याला तोंड लावत नाही, शेरडूसुद्धा लावत नाही. फक्त रोप बोटभर आहे तोवर खुरांखाली जाऊ देऊ नका." त्यांचे म्हणणे शब्दशः खरे ठरले. गुराढोरांना न आवडणाऱ्या पाल्यामुळेच अतिचराईच्या माळावर गवत संपते आणि तरवड उरतो. त्यामुळे एखाद्या माळावर तरवडाची फार दाटी दिसली, तर ती त्या माळाच्या थकव्याची खूणही असते, आणि हे लक्षात ठेवूनच त्याची लागवड करावी असे माझे मत आहे.

बी गोळा करण्याआधी झुडूप नेमके ओळखता आले पाहिजे, कारण याच कुळातील टाकळा, कासविंदा आणि रस्त्याकडेला लावलेले कॅशियाचे वृक्ष यांचीही फुले पिवळीच असतात. तरवड साधारण कमरेपासून छातीपर्यंत उंच, बुंध्यापासून अनेक फांद्या फुटलेले झुडूप असते आणि त्याची साल गुळगुळीत, दालचिनीच्या रंगाची असते. पानात पर्णिकांच्या, म्हणजे एका देठावरच्या लहान पानांच्या, आठ ते बारा जोड्या असतात आणि संध्याकाळी त्या मिटतात. देठ फांदीला जेथे जुळतो तेथे कानाच्या पाळीसारखी दोन रुंद उपपर्णे असतात. ती गळून न जाता टिकून राहतात आणि फूल नसतानाही तरवड ओळखण्याची ती सर्वांत खात्रीची खूण आहे. लिनियसने १७५३ साली या वनस्पतीचे वर्णन केले तेव्हा 'ऑरिक्युलाटा' हे जातिनाम याच उपपर्णांवरून दिले. आज तिचे शास्त्रीय नाव सेना ऑरिक्युलाटा असे लिहितात. भिंग घेऊन पाहिले तर समोरासमोरच्या पर्णिकांच्या प्रत्येक जोडीमध्ये उभी, बारीक काडीसारखी ग्रंथी दिसते. या ग्रंथींतून गोड रस स्रवतो आणि कोवळ्या पानांवर सकाळच्या वेळी मुंग्यांची सतत ये-जा असते. फुलांत मध नाही, पानांवर मात्र आहे, ही या झुडपाची मला फार आवडलेली गोष्ट. पानावर वावरणाऱ्या मुंग्या कोवळा पाला कुरतडणाऱ्या किड्यांना त्रास देत असणार.

शेंगा पौष-माघात वाळतात. त्या चपट्या, कागदासारख्या पातळ, फिकट तपकिरी आणि बोटभर लांब असतात, आणि प्रत्येक दाण्याच्या मध्ये शेंग थोडी खचलेली असल्यामुळे आतले दाणे बाहेरूनच मोजता येतात. एका शेंगेत बारा ते वीस दाणे भरतात. वाळलेली शेंग हलवल्यावर खुळखुळते, आणि तेवढी वाळल्यावरच ती तोडावी, कारण हिरवट शेंगेतले बी सुरकुतते. वेगवेगळ्या माळांवरील, एकमेकांपासून दूर असलेल्या अनेक झुडपांच्या थोड्या थोड्या शेंगा मी घेतल्या. एकाच जोमदार झुडपाचे सगळे बी घेतले असते तर बांधावर एकाच आईची लेकरे उभी राहिली असती, आणि दुष्काळात किंवा रोगात सगळीच एकदम मरण्याचा धोका वाढला असता. शेंगा गोणपाटावर पसरून काठीने झोडल्या आणि सुपाने पाखडल्या. बऱ्याच दाण्यांना टाचणीने टोचल्यासारखी गोल भोके होती. शेंगेतच अंडी घालणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या आतला गर खाऊन त्या भोकांतून बाहेर पडतात. असे पोकळ दाणे ओळखण्याची सोपी रीत म्हणजे बी पाण्यात टाकणे. तरंगणारे काढून टाकले आणि बुडालेले सावलीत वाळवून, कडुनिंबाचा वाळका पाला घालून मातीच्या मडक्यात ठेवले.

तरवडाच्या लागवडीतला खरा कस बी जागे करण्यात आहे. याचे बी टणक, चकचकीत आणि पाण्याला वाट न देणाऱ्या कवचाचे असते. ओल्या मातीत महिनाभर ठेवूनही बहुतेक दाणे जसेच्या तसे निघतात, आणि त्यामुळे बी मेलेले आहे असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात गर्भ जिवंत असतो, फक्त त्याच्यापर्यंत पाणी पोहोचत नाही. माळावर हे कवच उन्हाळ्यातील तापलेल्या मुरमाने, रात्रीच्या गारव्याने आणि पावसासोबत घरंगळणाऱ्या खड्यांच्या घर्षणाने हळूहळू झिजते. सगळ्या दाण्यांची कवचे एकाच वर्षी झिजत नाहीत, काही दाणे यंदा उगवतात, काही पुढच्या वर्षी आणि काही त्याही पुढे. जेथे एखाद्या वर्षी पाऊस दगा देणार हे ठरलेलेच आहे, तेथे सगळी संतती एकाच पावसाच्या भरवशावर न टाकण्याची ही सोय मला अतिशय शहाणपणाची वाटते. शेतकऱ्याला मात्र एकाच हंगामात उगवण हवी असते आणि त्यासाठी कवच मोडावे लागते.

मोठ्या रोपवाटिकांत आणि प्रयोगशाळांत यासाठी तीव्र गंधकाम्ल वापरतात. घरच्या घरी ते कोणीही करू नये, आणि त्याची गरजही पडत नाही. मी बियांचे तीन वाटे केले. पहिला वाटा काहीही न करता पेरला. दुसऱ्या वाट्यासाठी पाणी उकळून चुलीवरून खाली उतरवले, वाफ थोडी ओसरल्यावर त्यात बी टाकले आणि ते पाणी निवेपर्यंत, म्हणजे रात्रभर, तसेच राहू दिले. तिसऱ्या वाट्यातील एकेक दाणा चिमटीत धरून त्याची कडा खरकागदावर घासली. शेंगेला चिकटलेल्या टोकाकडे अंकुर असतो, म्हणून घासायचे ते त्याच्या विरुद्ध बाजूला, आणि कवचाचा गडद रंग जाऊन आतला फिकट भाग दिसू लागेपर्यंतच. घासलेले बी कोमट पाण्यात रात्रभर भिजवल्यावर सकाळी जवळजवळ दुप्पट फुगलेले होते आणि नखाने दाबल्यास मऊ लागत होते. गरम पाण्यातल्या वाट्यात फुगलेले आणि टणक राहिलेले असे दोन्ही प्रकारचे दाणे मिसळलेले होते. त्यांतले टणक वेगळे काढून पुन्हा गरम पाण्यात टाकले. फुगलेले बी आठवडाभरात उगवू लागले. घासलेल्या बियांची उगवण सर्वांत एकसारखी झाली, गरम पाण्याच्या वाट्याची त्याखालोखाल, आणि पहिल्या वाट्यातले तुरळक दाणे पावसाळाभर अधूनमधून डोके वर काढत राहिले. थोडे बी असेल तर घासणे उत्तम, आणि पायली-दोन पायली असेल तर गरम पाण्याला पर्याय नाही.

यानंतर पिशवीत रोपे करावीत की थेट बांधावर बी टोकावे, हा प्रश्न होता. मी दोन्ही केले, आणि माझा कौल टोकणीच्या बाजूने आहे. तरवडाच्या रोपाचे सोटमूळ वरच्या शेंड्यापेक्षा कितीतरी वेगाने वाढते. पिशवीतले रोप बोटभर उंच असते तेव्हाच त्याचे मूळ तळाला टेकलेले असते आणि लवकरच तेथे वेटोळे घालू लागते. एकदा वेटोळे झालेले मूळ बांधावर लावल्यावरही सरळ खाली जात नाही, मुरमाच्या भेगा शोधत नाही, आणि पहिल्याच खंडात असे रोप मान टाकते. पिशवीत रोपे करायचीच असतील तर पिशवी उंच आणि अरुंद घ्यावी, त्यात दोन भाग मुरूम, एक भाग माती आणि नावापुरते शेणखत भरावे, आणि खऱ्या पानांच्या दोन-तीन जोड्या येताच पावसाची रिपरिप पाहून रोप जागेवर लावावे. एप्रिलपासून वाढवलेली, मांडीएवढी उंच, दिसायला देखणी रोपे विकत मिळाली तरी या झुडपाच्या बाबतीत ती टाळावीत.

टोकणीसाठी मृगाचा पाऊस होऊन वाफसा आल्यावर मी पहारीने बांधाच्या उतरत्या अंगाला वीतभर खोल छिद्रे पाडली. छिद्रातला मुरूम सैल करून परत भरला आणि वरच्या बोटाच्या पेरभर खोलीत प्रत्येकी तीन-चार फुगवलेले दाणे टाकले. त्याभोवती हाताच्या मुठीएवढे दगड ठेवले. दगडांचे काम तिहेरी होते. खाली ओल टिकली, घरंगळत येणाऱ्या पाण्याने बी वाहून गेले नाही आणि मेंढ्यांचा पाय नेमका रोपावर पडला नाही. जुलैत पाऊस थांबला तेव्हा पिशवीतून लावलेल्या रोपांची पाने पिवळी पडून गळली. टोकलेली रोपे उंचीने निम्मीसुद्धा नव्हती, पण ती हिरवी होती. कुतूहल म्हणून दाट उगवलेल्या एका जागेचे जादा रोप खुरप्याने आणि नंतर टिकावाने मोकळे केले. वर चार बोटे वाढ होती आणि खाली मूळ हातभर गेलेले होते, शेवटी ते मांजऱ्याच्या भेगेत शिरले होते आणि तेथून ते अखंड काढता आले नाही.

त्या उपटलेल्या मुळावर मी गाठी शोधल्या. हरभऱ्याच्या किंवा भुईमुगाच्या मुळांवर असतात तशा नत्र साठवणाऱ्या गाठी तरवडावर असणारच, असे आमच्याकडे अनेकजण धरून चालतात, कारण याला शेंगा लागतात. परंतु सेना या प्रजातीतील वनस्पतींच्या मुळांवर अशा गाठी येत नाहीत, आणि त्या मुळावरही एकही नव्हती. तेव्हा तरवड हवेतले नत्र जमिनीत बांधतो असे कोणी सांगितले तर ते खरे मानू नये. जमिनीला त्याचा उपयोग होतो तो पाल्याच्या मार्गाने. खोलवरून ओढलेली द्रव्ये पानांत येतात आणि गळलेला पाला मुरमावर कुजतो. दक्षिणेत तरवडाचा पाला हिरवळीचे खत म्हणून शेतात घालण्याची जुनी रीत आहे. आमच्या बांधावर या पाल्याच्या थराखाली तिसऱ्या वर्षी गांडुळांची विष्ठा दिसू लागली.

पाण्याविषयी मुद्दाम लिहायला हवे, कारण आपल्या मनात झाड आणि पाणी यांची सांगड इतकी घट्ट बसलेली आहे की न देणे हा निष्काळजीपणा वाटतो. आमच्या खालच्या अंगाला डाळिंबाची बाग आहे. तिच्या कडेला ठिबकच्या नळीजवळ टोकलेले तरवड आणि वर कोरड्या बांधावरचे तरवड एकाच दिवशी, एकाच बियांपासून लावलेले होते. ठिबकजवळची झुडपे पहिल्या वर्षी झपाट्याने वाढली. त्यांची पेरे लांब झाली, पाने मोठी आणि फिकट झाली आणि फांद्या वाऱ्याने लोळू लागल्या. सप्टेंबरात सलग पाऊस लागून तेथे पाणी साचले तेव्हा त्यांतील कित्येक बुंध्यापाशी काळी पडून मेली. वाचलेल्यांना फुले उशिरा आणि थोडी आली. कोरड्या बांधावरची झुडपे बुटकी आणि घट्ट राहिली, दुसऱ्या पावसाळ्यानंतर भरगच्च फुलली आणि पहिल्या उन्हाळ्यातही त्यांना एक तांब्या पाणी द्यावे लागले नाही. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर असताना त्यांची बरीचशी पाने गळाली होती, शेंड्याकडच्या जेमतेम मूठभर पानांवर ती तग धरून होती, आणि वळवाच्या एका सरीनंतर आठवडाभरात सगळ्या फांद्यांवर पालवी फुटली. खताचेही तसेच आहे. शेणखताची टोपली ज्या जागी पडली तेथे तरवडापेक्षा गाजर गवत आणि त्याच्या जोडीचे इतर तणच अधिक माजले.

फुलांचा मुख्य बहर आमच्याकडे श्रावणाच्या अखेरीस सुरू होतो आणि दिवाळी ओलांडून जातो. फांद्यांच्या टोकांना गुच्छाने येणारी ही फुले पाच पाकळ्यांची, रुपयापेक्षा बरीच मोठी आणि निर्भेळ पिवळी असतात. एका फुलाजवळ बसून नीट पाहिले तर त्यात दहा पुंकेसर दिसतात. वरचे तीन खुरटलेले आणि वांझ असतात, मधले आखूड असतात आणि खालचे तीन सर्वांत लांब व वाकलेले असतात. स्त्रीकेसर मधोमध नसतो. काही फुलांत तो डावीकडे झुकलेला असतो तर काहींत उजवीकडे, आणि दोन्ही प्रकारची फुले एकाच झुडपावर असतात. पराग मोकळा पडलेला नसतो, तो परागकोशाच्या आत बंद असतो आणि बाहेर येण्यास त्याला फक्त टोकाचे बारीक छिद्र असते. मधमाशी या फुलावर येते, फिरते आणि सांडलेले चार कण उचलून जाते. आतला साठा तिला काढता येत नाही.

तो काढतो काळा, मोठा, निळसर पंखांचा लाकूडपोखर भुंगा. तो फुलावर उतरतो तेव्हा फूल त्याच्या वजनाने खाली लवते. तो मधल्या आखूड पुंकेसरांना पायांनी कवळून घेतो, पंख अंगाशी आवरतो आणि उडण्याचे स्नायू पंख न हलवता थरथरवतो. त्या क्षणी त्याचा आवाज बदलतो. उडतानाची घोगरी गुणगुण थांबून एक तीव्र, तुटक झिंग-झिंग ऐकू येते, आणि छिद्रांतून परागाची पिवळी धूळ उडते. आखूड पुंकेसरांतला हा पराग तो आपल्या पिलांसाठी गोळा करतो. त्याच वेळी लांब पुंकेसरांतला पराग त्याच्या अंगाच्या अशा बाजूला पडतो, जेथे तो स्वतःला सहज झाडू शकत नाही, आणि पुढचे फूल विरुद्ध बाजूला झुकलेल्या स्त्रीकेसराचे असेल तर त्याचे टोक नेमके तेथेच टेकते. आवाज ऐकायचा असेल तर सकाळी ऊन चढण्यापूर्वी जावे. निळ्या पट्ट्यांची लहान माशीसुद्धा असेच थरथरवून पराग काढते, पण तिचा आवाज बारीक असल्याने कान जवळ न्यावा लागतो. एक गोष्ट यातून स्पष्ट होते. आसपास वाळक्या फांद्या, जुन्या वाशांची लाकडे आणि बांबू राहू दिले नाहीत तर भुंग्याला घर उरत नाही, आणि भुंगा नसेल तर तरवडाला फुले असूनही शेंगा कमी धरतात. म्हणून बांधालगतचे एक वाळलेले बाभळीचे खोड मी तसेच उभे ठेवले आहे. त्याला आता पेन्सिल जाईल एवढी गोल भोके आहेत.

पावसाळ्यात कोवळ्या पाल्यावर हिरव्या, अंगाच्या कडेने काळसर ठिपक्यांची ओळ असलेल्या अळ्या दिसू लागतात. या कॅटोप्सिलिया नावाच्या फिकट हिरवट-पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या आहेत, आणि टाकळा-तरवडाचे कूळ हेच त्यांचे अन्न आहे. काही झुडपांची शेंड्याची पाने त्या पूर्ण फस्त करतात. ते पाहून फवारणीचा पंप हाती घेण्याची मुळीच गरज नाही. पंधरवड्यात अळ्या कोषात जातात, झुडूप पुन्हा पालवते आणि फुलोऱ्यावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. चंडोल आणि खाटीक पक्षी याच काळात बांधावर सतत असतात आणि अळ्यांचा हिशेब तेच ठेवतात.

नवरात्रात मात्र आमच्या बांधाला माणसांची वर्दळ होते. तुळजापूर आमच्यापासून फार दूर नाही, आणि या भागात घटावर रोज एक माळ चढवतात. त्या माळांत तरवडाच्या फुलांना मान आहे. सोलापूर शहराच्या पूर्व भागात राहणारी तेलुगू भाषक कुटुंबे याच सुमारास बतुकम्मा हा फुलांचा सण मांडतात आणि त्यांच्या फुलांच्या उतरंडीत तरवड, म्हणजे त्यांचा तंगेडु, हवाच असतो. तेलंगणाने तर याच फुलाला राज्यफुलाचा दर्जा दिला आहे. फुले न्यायला येणाऱ्या बायकांना मी कधी नाही म्हणत नाही. एवढेच सांगते की गुच्छ मोडताना खालचा फुटवा मोडू नये आणि प्रत्येक झुडपावर निम्मे गुच्छ बियांसाठी राहू द्यावेत. शहराजवळचे माळ प्लॉट पाडून संपत आल्यामुळे ही फुले आता बाजारात विकत घ्यावी लागतात, हे ऐकून मला खरोखर वाईट वाटते.

माघात शेंगा काढून झाल्यावर मी जुनी, विरळ झालेली झुडपे जमिनीपासून वीतभरावर छाटते. तरवडाला छाटणी मानवते आणि सडावरून अनेक फुटवे येतात. हा गुण जुन्या काळी मोठ्या व्यापाराच्या कामी आला होता. तरवडाच्या सालीत सुमारे १८ टक्के टॅनिन, म्हणजे कातडे कमावणारे द्रव्य, असते, आणि मद्रास इलाख्यातून इंग्लंडला जाणारी 'ईस्ट इंडिया' नावाने ओळखली जाणारी कमावलेली कातडी याच सालीने कमावत. त्यासाठी झुडपे छाटून फांद्यांची साल सोलत आणि पुन्हा फुटू देत. पुढे दक्षिण आफ्रिकेतून येणाऱ्या वॅटल नावाच्या झाडाच्या सालीने आणि नंतर क्रोमच्या क्षारांनी तिची जागा घेतली. आमच्याकडे छाटलेल्या काड्या दातवणाला, वेलवर्गीय भाज्यांच्या आधाराला आणि उरलेल्या चुलीला जातात. साल आणि फुले यांच्या औषधी उपयोगांविषयी बरेच बोलले जाते. त्यात शिरण्याचा माझा अधिकार नाही, आणि मधुमेहाची चालू औषधे बंद करून कोणी तरवडाचा काढा घेऊ नये एवढे मात्र मी फुले मागणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

बांध आता फुटत नाही. झुडपांच्या वरच्या अंगाला माती अडून ओंजळभर जाडीचा थर जमला आहे आणि त्यात कुसळी व मारवेल ही गवते आपोआप आली आहेत. चराईपासून वाचलेल्या जागी, तरवडाच्या बिनकाट्याच्या आडोशाला, रानबोरीचे आणि आपट्याचे एकेक रोपही दिसते. हे पाहून शेजारच्या काही शेतकऱ्यांनी बी नेले. त्यांना मी एक अट आवर्जून घातली की ते बांध, खाणींचे काठ, रस्त्याच्या कापलेल्या कडा आणि उघडा पडलेला मुरूम येथेच टोकावे, चांगल्या गवताच्या सलग माळावर नव्हे. सोलापूरजवळचा नान्नजचा माळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की माळढोक, धाविक, चंडोल यांना दूरवर नजर पोहोचेल असे मोकळे गवत लागते. तेथे कोणतेही झुडूप दाट लावणे, मग ते कितीही देशी असो, त्या पक्ष्यांची जागा बळकावण्यासारखे आहे. गवताचा माळ म्हणजे ओसाड जमीन समजून तेथे खड्डे घेण्याची जी पद्धत पडली आहे तिच्यात तरवडाची भर पडू नये.

यंदाचे बी मडक्यात भरून तयार आहे. ज्यांना टोकणी करायची आहे त्यांनी रोहिणी निघता निघता जागा पाहून छिद्रे पाडून ठेवावीत. मृगाचा पहिला चांगला पाऊस होऊन वाफसा आला की आदल्या रात्री बी गरम पाण्यात घालावे, सकाळी फुगलेले तेवढे वेचून घ्यावे आणि त्याच दिवशी टोकून मोकळे व्हावे, कारण फुगलेले बी पुन्हा वाळले तर ते उगवत नाही.